आभारानंतरच शिक्का

"शोकसभेला आभार मानत नसतात, सर," मी म्हणालो.

माझ्या दोन्ही हातांत दोन-दोन खुर्च्या होत्या. शिरतोडे सर स्टेजच्या पायरीवर उभे राहून एक घडी घातलेला कागद वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"ते तू मला शिकवू नकोस. नियम चौथा ऐक. 'आभारप्रदर्शन संपल्यानंतरच विद्यार्थ्याच्या कार्डावर शिक्का देण्यात येईल.' आता हा नियम काही मी केलेला नाही. समितीनं केलाय."

समितीत सर एकटेच होते. ते सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं.

"मग शिक्का मिळणार नाही?"

"असं मी म्हटलंय का? आभार झाले की कार्यक्रम पूर्ण. कार्यक्रम पूर्ण झाला की शिक्का. आता ते मानायचे कुणी, एवढाच प्रश्न आहे. प्राचार्यांना सांगू शकत नाही, मी मानणं बरं दिसत नाही." मग त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. "तू मान. तू आगाशे बाईंचा विद्यार्थी. आणि निवास, खरं सांगायचं तर गरजही तुलाच आहे."

मागं माझे वडील, आबा, माइकचं बटण दाबून "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग" करत होते. स्टेजवर पांढऱ्या चादरीच्या टेबलावर आगाशे बाईंचा फोटो अजून वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता. हार यायचा होता. चारला सभा, आणि साडेतीन वाजले होते.

मी खुर्च्या खाली ठेवल्या आणि "बरं" म्हणालो. त्या "बरं"चा मला आज दहा वर्षांनीही राग येतो.

ही शिक्क्याची भानगड आधी सांगायला हवी. आमच्या तालुक्याच्या कॉलेजातून शिकून अमेरिकेत गेलेले एक गृहस्थ होते. त्यांनी संस्थेला पत्र लिहिलं की तिकडच्या कॉलेजांत कार्यक्रमांना हजर राहणाऱ्या मुलांना बक्षीस म्हणून परदेशात शिकायला पाठवतात, त्यानं मुलं घडतात. आपणही करा, खर्च मी देतो. संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब यांना हे भलतंच पसंत पडलं, कारण त्यांच्या भाषणाला तोवर पहिल्या चार रांगांच्या मागं कुणी बसत नसे. योजनेला नाव दिलं गेलं 'सहभागातून सातासमुद्रापार'. प्रत्येकाला साठ चौकोनांचं एक कार्ड. एका कार्यक्रमाला एक शिक्का. दोन वर्षांत, अठ्ठावीस फेब्रुवारीच्या आत, ज्याचे साठ भरतील तो जर्मनीतल्या एका विद्यापीठात सहा महिने वनस्पतिशास्त्र शिकायला जाणार. अट एकच, तिथल्या लोकांनी पडद्यावर घेतलेली पाच मिनिटांची जर्मन भाषेतली मुलाखत पार पाडायची.

पहिले दोन महिने मुलं सुरुवातीला येऊन शिक्का घेऊन पळायची. मग चौथा नियम आला, आणि त्याबरोबर हॉलच्या दोन्ही दारांना बाहेरून कड्या. आभार संपेपर्यंत कुणी उठायचं नाही. त्या दोन वर्षांत मी काय काय ऐकलं ते सांगितलं तर तुम्हाला खोटं वाटेल. रस्ता सुरक्षा सप्ताह, दातांची निगा, भाऊसाहेबांचा वाढदिवस, भाऊसाहेबांच्या सूनबाईंच्या पाककृतींच्या पुस्तकाचं प्रकाशन, ऊस ठिबक सिंचन, पुन्हा भाऊसाहेबांचा वाढदिवस. आमच्या वर्गातली हुशार मुलं दहा-बारा शिक्क्यांतच थकली. माझ्याखालोखाल जो होता त्याचे एक्केचाळीस होते.

मी थकलो नाही, कारण मला तसंही तिथंच असावं लागायचं. कॉलेजला खुर्च्या, माइक, मंडप सगळं आबाच भाड्यानं द्यायचे. मी सगळ्यांच्या आधी हॉलमध्ये यायचो आणि सगळ्यांच्या नंतर बाहेर पडायचो. मधल्या वेळात आपणच मांडलेल्या खुर्चीवर बसायचं, एवढाच फरक.

पण जायचं मात्र मला खरोखर होतं. नुसतं हौस म्हणून नव्हे. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाच्या दिवाळीत आबांनी टेम्पो रंगवायला काढला. मी घरातून बाहेर आलो तर मागच्या फळीवर पिवळ्या अक्षरांत लिहिलेलं, 'जगताप अँड सन, मंडप डेकोरेटर्स'. पेंटर 'सन'वर दुसरा हात मारत होता.

"आबा, हे काय?"

"काय म्हंजे? तुझं नाव न्हाई घातलं, तुला लाज वाटंल म्हणून. नुसतं सन."

"मला पुढं शिकायचंय."

"शीक की. कोण नको म्हणतंय? पर माझी पाठ बघतोयस न्हवं?" आबांनी हात मागं नेऊन कमरेवर ठेवला. आदल्या वर्षी एका लग्नात लोखंडी खांब उचलताना त्यांची पाठ गेली होती ती परत आलीच नव्हती. "एक मार्चला लगीनसराई चालू हुतीया. तवर तुझं जर्मनीचं काय ते ठरव. झालं तर जा, मी अडवणार न्हाई, एखादा गडी बघीन. न्हाई झालं तर मात्र इकडं तिकडं बघायचं न्हाई. टेम्पोत बसायचं."

त्यांचं म्हणणं अन्यायाचं नव्हतं, आणि म्हणूनच मला त्याची धास्ती बसली. भांडता आलं असतं तर बरं झालं असतं.

जर्मन शिकवायला आमच्या गावात एकच माणूस होतं, आगाशे बाई. बाई वनस्पतिशास्त्राच्या. तरुणपणी पुण्यात असताना जर्मन शिकल्या होत्या, आणि मग तीस वर्षं ती भाषा बोलायला त्यांना समोर कुणी मिळालं नव्हतं. लग्न केलं नव्हतं. भावाजवळ राहायच्या. मी भीत भीत विचारलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाल्या, "मंगळवार, गुरुवार. चार ते पाच. मागच्या खोलीत."

मागची खोली म्हणजे वाळवलेल्या पानाफुलांचे कागद ठेवायची जागा. डांबराच्या गोळ्यांचा वास, एक टेबल, दोन स्टुलं. बाईंनी नवीन वही आणली होती, मोठी, हजेरीपटासारखी रेघा आखलेली. विद्यार्थी मी एकटा, तरी त्या दर वेळी वही उघडून गंभीरपणे पुकारायच्या, "जगताप निवास."

"हजर."

"जर्मनमध्ये."

"इश बिन दा."

"म्हणजे?"

"मी इथं आहे."

"शाब्बास. बस आता."

त्या हसायच्या नाहीत, पण हे पुकारणं त्यांना फार आवडायचं, ते कळायचं. मला पहिलं वाक्य येत होतं तेच त्यांनी शेवटपर्यंत विचारलं.

आता गंमत बघा. भाऊसाहेब दुपारी झोपायचे आणि साडेतीनला उठायचे, त्यामुळं कॉलेजचा प्रत्येक कार्यक्रम चारला असायचा. आठवड्याचे सहा दिवस मोकळे पडले होते, पण भाऊसाहेबांना मंगळवार-गुरुवारचंच प्रेम. बाकीच्या दिवशी ते साखर कारखान्यावर.

पहिल्यांदा अडचण आली तेव्हा मी बाईंना जाऊन सांगितलं. मला वाटलं रागावतील.

"शिक्का महत्त्वाचा आहे ना? जा," त्या म्हणाल्या. "मी पाचपर्यंत बसते. आभार लवकर संपले तर ये."

आभार कधीच लवकर संपले नाहीत. संपले तरी खुर्च्या होत्या. पुढं पुढं मी सांगायलाही जाईनासा झालो. बाईंना नोटीस बोर्ड दिसतोच की, असं मी स्वतःला सांगितलं. कधी जिन्यात भेटल्या तर म्हणायच्या, "चौदावा धडा राहिलाय हं आपला." मी म्हणायचो, "गुरुवारी नक्की, बाई." आणि गुरुवारी दातांची निगा.

फेब्रुवारी उजाडला तेव्हा माझे बावन्न झाले होते. चोवीस तारखेला, मंगळवारी, एकोणसाठावा शिक्का मिळाला. गावात नव्या बँकेचं उद्घाटन होतं आणि त्यानिमित्त बचतीचं महत्त्व. सव्वीसला, गुरुवारी, भाऊसाहेबांच्या चिरंजीवांचा सत्कार ठरलेला होता, तो साठावा. म्हणजे झालंच. त्या मंगळवारी मी खुर्च्या टेम्पोत भरताना शिट्टी वाजवत होतो, इतकं मला आठवतं.

त्याच संध्याकाळी आगाशे बाई कॉलेजातून घरी गेल्या, पायरीवर बसून चपला काढता काढता कलंडल्या, आणि गेल्या.

बुधवारी सकाळी सगळं कॉलेज स्मशानात होतं. मीही होतो. मला रडू येत होतं, खोटं नाही. बाईंचे भाऊ, ज्यांना आम्ही काका म्हणायचो, पोस्टातून निवृत्त झालेले, अंगाने लहानसे गृहस्थ, ते चितेपाशी एकटेच उभे होते आणि कुणीतरी त्यांच्या खांद्यावर हात ठेवावा असं वाटत होतं. मी पुढं गेलो नाही. मी गेटजवळ शिरतोडे सरांना गाठलं.

"सर, उद्याचा सत्कार?"

"रद्द. दुखवटा आहे ना. उद्या शोकसभा, चारला. आबांना खुर्च्या सांग."

"मग माझा साठावा..."

आणि मी विचारलं. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही, आबांनासुद्धा नाही. मागं लाकडं तडतडत होती आणि मी विचारलं, "सर, शोकसभा धरणार का?"

सरांनी माझ्याकडं असं पाहिलं की मला वाटलं आता मुस्काटात देतील. पण त्यांनी हनुवटी खाजवली. माणूस वाईट नव्हता. त्यांना योजना यशस्वी करून दाखवायची होती, आणि माझ्याशिवाय त्यांच्याकडं दुसरा घोडा नव्हता.

"बघतो नियमात बसतंय का," ते म्हणाले.

बसवलं त्यांनी नियमात. गुरुवारी सकाळीच नोटीस लागली, 'शोकसभा (शिक्का ग्राह्य)'. त्याचा परिणाम असा झाला की चारला हॉल गच्च भरला. खालच्या वर्गांतली, यायची बंद झालेली मुलंही पुढच्या खेपेची नवी कार्डं घेऊन आली होती. आबांना आणखी तीस खुर्च्या मागवाव्या लागल्या. काका पहिल्या रांगेत बसले होते. मागं वळून वळून ती गर्दी बघत होते, आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

"एवढी मुलं!" ते शेजारी बसलेल्या प्राचार्यांना म्हणाले. "ती म्हणायची, मला कॉलेजात कुणी ओळखत नाही."

प्राचार्यांनी रुमाल काढून नाक पुसलं.

दारं बंद झाली. बाहेरून कडी सरकल्याचा आवाज मी साठाव्यांदा ऐकला. भाषणं सुरू झाली. बाईंबद्दल बोलण्यासारखं कुणाकडं फारसं नव्हतं, म्हणून लोक स्वतःबद्दल बोलले. भाऊसाहेब म्हणाले की आगाशे मॅडमनी कधी पगारवाढ मागितली नाही. एक सर म्हणाले की त्या अत्यंत शांत होत्या, त्यामुळं फारशा आठवणी नाहीत.

मी स्टेजच्या बाजूला बसून मनात वाक्यं जुळवत होतो. दोनच वाक्यं म्हणायची असं मी ठरवलं होतं. बाईंच्या घरच्यांनी आम्हाला इथं जमू दिलं त्याबद्दल त्यांचे आभार. आणि बाईंनी मला शिकवलं, ते मी विसरणार नाही. बस्स. याला आभारही म्हणता आलं असतं आणि श्रद्धांजलीही. दोन्हीकडून सुटका होत होती, आणि मी स्वतःवर थोडा खूषही झालो होतो.

मग दोन मिनिटं स्तब्धता झाली. खरं म्हणजे इथं संपायला हवं होतं. लोक उठायच्या बेतात होते. काकांनी हात जोडले होते. तेवढ्यात शिरतोडे सर माइकवर आले.

"कुणीही जागा सोडू नये. आभारप्रदर्शन. कुमार निवास जगताप."

काकांनी हात तसेच जोडलेले ठेवून माझ्याकडं बघितलं. मी माइकसमोर उभा राहिलो. समोर सगळे चेहरे, हातातली कार्डं आणि मागच्या भिंतीशी वायरचं भेंडोळं घेऊन उभे असलेले आबा. माझी दोन वाक्यं पार पुसली गेली.

मी तोंड उघडलं, आणि त्यातून जे बाहेर आलं ते माझं नव्हतं. दोन वर्षं, एकोणसाठ वेळा ऐकलेलं, आणि त्याआधी लहानपणापासून आबांच्या माइकशेजारी बसून ऐकलेलं, ते सगळं आपोआप ओळीनं बाहेर पडू लागलं.

"सर्वप्रथम, आपल्या व्यस्त कार्यक्रमातून वेळात वेळ काढून इथं उपस्थित राहिल्याबद्दल आदरणीय भाऊसाहेबांचे मी आभार मानतो. त्यानंतर आपले लाडके प्राचार्य. तसंच ज्यांनी ज्ञात-अज्ञात सहकार्य केलं ते प्राध्यापक, शिपाईवर्ग. उत्कृष्ट ध्वनिव्यवस्थेबद्दल जगताप मंडप यांचे आभार."

मला ऐकू येत होतं मी काय बोलतोय ते. थांबता येत नव्हतं. उताराला लागलेली सायकल असते तसं झालं होतं.

"आणि सर्वांत शेवटी, ज्यांच्यामुळं आजचा हा कार्यक्रम घडून आला, त्या आगाशे मॅडम यांचे मी मनःपूर्वक आभार मानतो. त्यांचं असंच सहकार्य आम्हाला यापुढंही लाभत राहो, अशी आशा व्यक्त करून मी माझे दोन शब्द संपवतो."

क्षणभर काही झालं नाही. आणि मग टाळ्या वाजल्या.

कुणाची चूक नव्हती. आभार संपले की टाळ्या, टाळ्या संपल्या की शिक्का, असं दोन वर्षांत आमच्या हाडांत मुरलं होतं. दोनशे मुलांनी कडकडून टाळ्या वाजवल्या. काहींच्या लक्षात आलं तशी ती मधेच थांबली, काही हसली, काही तशीच वाजवत राहिली. भाऊसाहेबांनीही वाजवल्या. फोटोतल्या बाई चष्म्यातून समोर बघत होत्या. हाराची गाठ सुटून हार एका बाजूला घसरला होता आणि तो कुणी सारखा करत नव्हतं.

काका पहिल्या रांगेत तसेच बसून होते. हात जोडलेले.

पुढच्या क्षणी रांग लागली. स्टेजवरच, फोटोच्या टेबलाच्या कडेला शाईचा पॅड ठेवून सर शिक्के मारू लागले, कारण दुसरं टेबल नव्हतं. मी पळून जाऊ शकलो असतो. कडी आता उघडलेली होती. कार्ड फाडूनही टाकता आलं असतं. ही दोन्ही कामं मी मनात पुष्कळदा केली आहेत. त्या दिवशी मी रांगेत उभा राहिलो, माझी पाळी आली, आणि मी कार्ड पुढं केलं.

"साठ," सर म्हणाले. शेवटच्या चौकोनात गोल जांभळा शिक्का उमटला. त्यांनी तो फुंकर मारून वाळवला आणि हळूच म्हणाले, "अभिनंदन."

हॉल रिकामा झाल्यावर मी आणि आबा खुर्च्या घड्या करू लागलो. आबांनी पाच-सहा खुर्च्या एकावर एक रचल्या. मग म्हणाले, "मेलेल्या माणसाचं आभार मानत्यात व्हय रं?"

"चुकलं, आबा."

"आन वर आमच्या मंडपाचं नाव घातलंस. तेवढं तरी नको हुतं."

दाराशी काका उभे होते. हातात कापडी पिशवी. मला वाटलं, आता ते बोलतील, आणि त्यांनी बोलावं असंच मला वाटत होतं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी त्यांचे पाय धरले असते.

"निवास तूच ना?" ते म्हणाले.

"हो, काका. काका, मघाशी मी..."

"असू दे रे. माइकसमोर भल्याभल्यांचं होतं." त्यांनी माझा दंड धरला. "मला तुझ्याशी वेगळंच बोलायचं होतं. ती मंगळवारी आणि गुरुवारी घरी उशिरा यायची. मी म्हणायचो, आता या वयात कशाला दमतेस? तर म्हणायची, माझा क्लास असतो, निवास वाट बघत असतो. त्या दोन दिवशी साडी बदलून जायची बघ. परवासुद्धा गेली होती."

माझ्या हातात घडी घातलेली खुर्ची होती. ती मी खाली ठेवली नाही.

"एवढ्या वर्षांत तिच्याकडं जर्मन शिकायला आलेला तू एकटाच. दोन वर्षं आलास. म्हणून म्हटलं, तुझे आभार मानायला हवेत." त्यांनी पिशवीतून ती मोठी वही काढली. "ही तिच्या टेबलावर होती. मला यातलं काही कळत नाही. तुझ्या कामाची आहे, मुलाखत आहे ना तुझी?"

मी वही घेतली. काका माझ्या पाठीवर थाप मारून निघून गेले. मी त्यांना थांबवून खरं सांगायला हवं होतं. माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही, आणि खरंच सांगतो, थोड्या वेळापूर्वी ह्याच तोंडानं मी न थांबता बोललो होतो.

वही मी टेम्पोत बसून उघडली. पहिल्या पानावर माझं नाव. खाली तारखा, एकाखाली एक, बाईंच्या बारीक सरळ अक्षरात. सुरुवातीला 'ह', 'ह', 'ह'. मग एक 'अ'. मग दोन 'ह', तीन 'अ'. पुढं पुढं 'ह' शोधावा लागत होता. प्रत्येक 'अ'च्या पुढं वेळ लिहिलेली होती. 'पाचपर्यंत.' 'पाच पाचपर्यंत.' एका ठिकाणी 'सव्वापाच, हॉलमध्ये टाळ्या ऐकू आल्या म्हणून थांबले.' आणि त्यापुढच्या रकान्यात धडा. वीस जानेवारीपासून तिथं प्रत्येक तारखेला एकच ओळ होती, एकाखाली एक, अकरा वेळा. 'धडा चौदा : वारुम? म्हणजे का? उत्तर कसे द्यावे.' शेवटची तारीख चोवीस फेब्रुवारी होती. अ. पाच दहापर्यंत. धडा चौदा.

"काय हाय त्यात?" आबांनी विचारलं.

"हजेरी," मी म्हणालो.

आबांनी गाडी चालू केली.

मुलाखत तीन मार्चला झाली. प्राचार्यांच्या केबिनमध्ये कॉम्प्युटर लावला होता. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मधल्या चार दिवसांत मी मागच्या खोलीतून बाईंचं जर्मनचं पुस्तक आणून पाठ करायचा प्रयत्न केला, पण दोन लग्नांचे मंडप होते आणि आबांना वाकता येत नव्हतं. शिरतोडे सर माझ्या खुर्चीमागं उभे होते. भाऊसाहेब कोपऱ्यात पेढ्यांचा पुडा घेऊन बसले होते. बरोबर चार वाजले होते.

पडद्यावर एक बाई आल्या. पिकलेले केस, चष्मा. त्यांनी समोरचा कागद पाहिला आणि माझं नाव वाचलं, आडनाव आधी, जसं कागदावर होतं तसं.

"जगताप निवास?"

मी काही विचार केला नाही. "इश बिन दा," मी म्हणालो.

बाई हसल्या. माझा उच्चार त्यांना आवडला असावा. मागून शिरतोडे सरांनी माझा खांदा दाबला. मग बाईंनी एक लांब प्रश्न विचारला. त्यातला पहिला शब्द मला स्पष्ट कळला. वारुम. तुला इथं का यायचं आहे, असं काहीतरी त्या विचारत होत्या. त्याचं उत्तर माझ्याकडं होतं. दिवाळीपासून होतं. मराठीत मी त्यांना अर्धा तास सांगितलं असतं, टेम्पोच्या फळीपासून चितेपर्यंत.

त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला, सावकाश. वारुम. खाली कॉलेजच्या फाटकापाशी आबांनी हॉर्न दिला. पाचला हळदीचा मंडप उभा करायचा होता.

त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. त्यांचा चेहरा प्रेमळ होता. त्या थांबायला तयार होत्या, चष्मा काढून पुसत होत्या. मला तेवढं एकच वाक्य आठवत होतं, आणि गप्प बसवेना, म्हणून मी ते पुन्हा म्हणालो.

"इश बिन दा."

शिरतोडे सरांना जर्मन येत नव्हतं. मुलाखत संपली असं समजून त्यांनी टाळ्या वाजवल्या.